न नोंदलेली जमा : सेसार मिल्स्टाइन
(बी. कॉम. भाग २)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका जीवरसायनशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावयास घ्यावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. आमचा विषय जमाखर्चाचा. पेशी, प्रथिने आणि परीक्षानळ्या ही विज्ञान शाखेच्या मित्रांची मिरास. परंतु हे चरित्र वाचत गेलो तसतसा मला त्यातही एक जमाखर्चच दिसू लागला. विसाव्या शतकातील एक अत्यंत मोलाचा शोध एका सरकारी प्रयोगशाळेत लागला. त्यावर पुढे जगभर अब्जावधी डॉलरांचा उद्योग उभा राहिला. आणि त्या मूळ शोधाचे पेटंट मात्र घेतलेच गेले नाही. हा तोटा नेमका कोणाचा? आणि तो खरोखर तोटा होता काय? या प्रश्नाने मला त्या माणसाच्या मागे लावले. त्याचे नाव सेसार मिल्स्टाइन.

हे नाव आइन्स्टाइन किंवा पाश्चर यांच्याइतके आपल्या कानावरचे नाही. पण त्याचे काम आपल्या अंगाला लागलेले आहे. रक्तदान शिबिरात बोटाला सुई टोचतात आणि काचपट्टीवर रक्ताच्या थेंबांत एका निळ्या आणि एका पिवळ्या बाटलीतील द्रव मिसळतात. रक्ताच्या गुठळ्या झाल्या की गट कळतो. त्या बाटल्यांत आज जी प्रतिपिंडे असतात, ती मिल्स्टाइनच्या पद्धतीने तयार होतात. घरातल्या कोणाची थायरॉईडची तपासणी झाली, औषधाच्या दुकानातून कोणी गर्भनिदानाची पट्टी आणली, की तेथेही तीच पद्धत पडद्याआड उभी असते.

मिल्स्टाइन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२७ रोजी अर्जेंटिना देशातील बाहिया ब्लांका या बंदराच्या गावी झाला. वडील ज्यू निर्वासित कुटुंबातले. कोवळ्या वयातच त्यांना परक्या देशात स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले होते. आई शिक्षिका, तीही गरीब स्थलांतरितांचीच मुलगी. तीन मुलांतला सेसार मधला. तिन्ही मुलगे विद्यापीठात गेलेच पाहिजेत असा आईवडिलांचा निश्चय होता आणि त्यासाठी त्यांनी कशाचीही पर्वा केली नाही. लहानपणी एका नातलगाकडून सेसारने सापाच्या विषाची आणि त्यावरील उताऱ्याची हकिकत ऐकली. प्रयोगशाळेत विष काढतात, ते अत्यल्प प्रमाणात जनावराला टोचतात आणि त्याच्या रक्तात विषाला मारणारे काहीतरी तयार होते, ही गोष्ट त्या मुलाच्या मनात घर करून राहिली. ते काहीतरी म्हणजेच प्रतिपिंड. पुढे सारे आयुष्य त्याच शब्दाभोवती फिरणार होते, हे त्या वेळी कोणाला ठाऊक असणार?

ब्वेनोस आयरेसच्या विद्यापीठात मिल्स्टाइन काही पहिल्या क्रमांकाचे विद्यार्थी नव्हते. पुस्तकांपेक्षा विद्यार्थी संघटनेत त्यांचा वेळ अधिक जाई. तेथेच त्यांची सेलिया यांच्याशी ओळख झाली आणि १९५३ साली दोघांचा विवाह झाला. लग्नानंतर या जोडप्याने वर्षभर युरोपात भटकंती केली. पैसा जवळ नव्हता. वाटेत येईल त्या मोटारीला हात करायचा आणि पुढचे गाव गाठायचे. परत आल्यावर डॉक्टरेटचा अभ्यास सुरू झाला. त्यासाठी कोणतीही शिष्यवृत्ती नव्हती. नवराबायको दोघेही अर्धवेळ रक्त-लघवीच्या तपासण्यांचे काम करीत आणि त्यावर घर चाले. महाविद्यालयाची फी भरण्यासाठी दुकानात हिशेब लिहिणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा भाग जवळचा वाटेल.

१९५७ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १९५८ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांची गाठ फ्रेडरिक सँगर यांच्याशी पडली. इन्शुलिन या प्रथिनाची साखळी कडीकडीने उलगडून दाखविल्याबद्दल सँगर यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले होते. केंब्रिजची दुसरी डॉक्टरेट घेऊन मिल्स्टाइन १९६१ साली मायदेशी परतले. ब्वेनोस आयरेसच्या मालब्रान संस्थेत त्यांना नवा विभाग उभारायला मिळाला. तरुण संशोधक जमले, उपकरणे आली. इंग्लंडमध्ये राहता आले असते, तरी त्यांनी आपला देश निवडला होता.

त्या देशाने मात्र त्यांना दोन वर्षेही नीट काम करू दिले नाही. मार्च १९६२ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्कराने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना पदच्युत केले. उदारमतवादी विचारवंतांचा आणि शास्त्रज्ञांचा छळ सुरू झाला. मालब्रान संस्थेचे संचालक पिरोस्की यांच्यावर गदा आली आणि मिल्स्टाइन यांच्या विभागातील माणसांनाही काढण्यात आले. मिल्स्टाइन यांनी राजीनामा दिला. १९६३ साली ते पुन्हा केंब्रिजला आले. आता सँगर तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या नव्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत विभागप्रमुख होते. त्यांनी या हातच्या माणसाला आश्रय दिला आणि एक सल्लाही दिला : एन्झाइमे पुष्कळ झाली, आता प्रतिपिंडांकडे वळावे. मिल्स्टाइन वळले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले.

येथे वाचकांना थोडे थांबवून प्रतिपिंड म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. एरवी पुढची गंमत कळायची नाही.

आपले शरीर म्हणजे कोट्यवधी पेशींचे राज्य आहे. या पेशी एकमेकींना निरोप पाठवितात आणि त्यांतले पुष्कळ निरोपे प्रथिनांचे बनलेले असतात. साखर जिरवा, असा निरोप इन्शुलिन देते. थायरॉईड ग्रंथीने कामाला लागावे, असा निरोप मेंदूच्या तळाशी असलेली लहानशी ग्रंथी पाठविते. विषाणू घरात शिरला आहे, सावध राहा, असा इशारा इंटरफेरॉन देते. हे निरोपे संख्येने फार थोडे आणि रक्तातली इतर प्रथिने अफाट. वारीच्या गर्दीत एका ठरावीक माणसाला शोधण्यासारखे हे काम. रसायनशास्त्राच्या नेहमीच्या चाळण्यांतून ही सारी प्रथिने जवळजवळ सारखीच दिसतात.

पण प्रतिपिंडाला ती सारखी दिसत नाहीत. बाहेरची एखादी वस्तू शरीरात शिरली, की पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी तिच्या आकाराला बरोबर चिकटेल असे प्रथिन बनवितात. कुलूप तशी किल्ली. माणसाचे एखादे निरोप्या प्रथिन सशाला टोचले, तर सशाचे शरीर त्याला परके समजते आणि त्यावर प्रतिपिंडे करते. ती प्रतिपिंडे काढून घेतली, की हजारो प्रथिनांच्या गर्दीतून त्या एका निरोप्याला ओळखणारे पारखी आपल्या हाती आले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील लस तयार होई, तीही याच तत्त्वावर.

अडचण होती ती शुद्धतेची. एका सशाच्या रक्तातील प्रतिपिंडे एका जातीची नसतात. एकाच वस्तूच्या निरनिराळ्या कोपऱ्यांना चिकटणारी, काही घट्ट धरणारी, काही सैल धरणारी, काही भलत्यालाच चिकटणारी, अशी ती सरमिसळ असते. आपल्या बेळगावी बासमतीच्या पोत्यात कोणी तीन-चार जातींचा तांदूळ मिसळून दिला, तर नाव बासमतीचेच राहील. पण भात शिजल्यावर घरातली बाई काय म्हणेल ते सांगायला नको. शिवाय दोन सशांची प्रतिपिंडे कधी सारखी नसत, आणि ससा मेला की माल संपला. लंडनच्या प्रयोगशाळेत वापरलेले प्रतिपिंड टोकियोच्या माणसाला मिळणे शक्यच नव्हते. ज्या मापाने मोजायचे ते मापच दर खेपेला बदलत असेल, तर व्यवहार कसा व्हावा?

एक प्रतिपिंड-पेशी एकाच जातीचे प्रतिपिंड बनविते, हे तोपर्यंत कळून चुकले होते. मग एकच पेशी निवडून तिचा वंश वाढवावा, म्हणजे एकाच दाण्यापासून वाढविलेल्या शेताप्रमाणे सारे पीक एकजात होईल. परंतु अशी पेशी शरीराबाहेर काढली की थोड्याच दिवसांत मरते. याउलट, त्याच जातीच्या पेशींना कर्करोग झाला, तर त्या काचेच्या भांड्यात वर्षानुवर्षे वाढत राहतात. मात्र त्यांचे प्रतिपिंड कशाला चिकटते, हे कोणालाच माहीत नसते. एकीजवळ विद्या आहे पण आयुष्य नाही. दुसरीजवळ आयुष्य आहे पण विद्या काय उपयोगाची ते कळत नाही.

मिल्स्टाइन या कर्करोगी पेशींवरच काम करीत होते. औषध किंवा तपासणी असा काहीही हेतू त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. शरीर लाखो प्रकारची प्रतिपिंडे कशी घडविते, या शुद्ध ज्ञानाच्या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. १९७३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे त्यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत जॉर्ज कोलर नावाचा जर्मन तरुण होता. व्याख्यान त्याच्या मनात भरले आणि १९७४ मध्ये तो केंब्रिजला मिल्स्टाइन यांच्या हाताखाली काम करण्यास आला. वय अवघे २८.

दोघांनी मिळून एक धाडसी बेत केला : विद्यावान पण अल्पायुषी आणि दीर्घायुषी पण निरुपयोगी, अशा दोन्ही पेशींचे लग्नच लावून द्यायचे. उंदराला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या. त्याच्या प्लीहेतील पेशी काढल्या आणि निष्क्रिय केलेल्या एका विषाणूच्या मदतीने त्या कर्करोगी पेशींशी जोडल्या. नंतर सर्व मिश्रण अशा पोषकद्रवात ठेवले, की ज्यात न जुळलेल्या कर्करोगी पेशी जगूच शकणार नाहीत. न जुळलेल्या प्लीहेच्या पेशी आपोआप मरणारच होत्या. उरणार ती फक्त संकरित संतती : आईची विद्या आणि बापाचे आयुष्य घेऊन आलेली.

नाताळाच्या सुमारास, १९७४ संपून १९७५ उजाडण्याच्या बेतात, कोलर एका संध्याकाळी प्रयोगशाळेच्या तळघरात निकाल पाहण्यास गेला. काही मिळणार नाही, अशीच त्याची समजूत होती. एकट्याला कंटाळा येऊ नये म्हणून त्याने पत्नीला सोबत नेले. बशा उजेडात धरल्या, तर रक्तपेशींच्या थरावर ठिकठिकाणी स्वच्छ वर्तुळे उमटलेली! संकरित पेशींतून बाहेर पडलेल्या प्रतिपिंडांनी तेथल्या रक्तपेशी ओळखल्या होत्या आणि त्या फुटल्या होत्या. प्रयोग यशस्वी झाला होता.

७ ऑगस्ट १९७५ च्या नेचर या साप्ताहिकात कोलर आणि मिल्स्टाइन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जेमतेम तीन पाने. शेवटी त्यांनी सौम्य शब्दांत एवढेच सुचविले होते, की अशा पेशींचा वैद्यकाला आणि उद्योगाला उपयोग होऊ शकेल. पुढे काही महिने तर खुद्द त्यांच्याच प्रयोगशाळेत हा प्रयोग पुन्हा जमेना. सगळे हवालदिल झाले. अखेर जिओव्हानी गालफ्रे या सहकाऱ्याने शोध घेतला, तेव्हा कळले की पोषकद्रवात घालावयाच्या एका मिश्रणाचा साठाच पेशींना विषारी होता. एवढी मोठी क्रांती एका बाटलीपायी अडून बसली होती!

आता आमच्या शाखेचा भाग येतो.

निबंध छापण्यापूर्वीच मिल्स्टाइन यांनी आपल्या संस्थेच्या मुख्यालयाला कळविले होते, की या कामाला व्यापारी मूल्य असण्याचा संभव आहे. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे पेटंट घेण्याचे काम त्या काळी ब्रिटनमध्ये नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाकडे असे. कागद तिकडे गेला. उत्तर आले ऑक्टोबर १९७६ मध्ये, आणि त्याचा मथितार्थ असा, की या शोधाचा तात्काळ काही व्यावहारिक उपयोग महामंडळाला दिसत नाही. तोवर निबंध छापून वर्ष उलटले होते. आणि एकदा जाहीर झालेल्या गोष्टीवर ब्रिटिश कायद्याप्रमाणे पेटंट मिळत नाही. दार बंद झाले.

इकडे जगभरातून मिल्स्टाइन यांच्याकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. प्रत्येकाला त्या पेशी हव्या होत्या. मिल्स्टाइन यांनी त्या मागेल त्याला मोफत पाठविल्या. इतरांना परस्पर देऊ नये आणि त्यांवर पेटंट घेऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा असे. प्रयोगशाळेचे टपाल कार्यालय होऊ लागले, तेव्हा सेरा-लॅब या लहानशा ब्रिटिश कंपनीमार्फत वाटपाची सोय करावी लागली. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतील कोप्रोव्हस्की आणि त्यांचे सहकारी यांनाही या पेशी मिळाल्या होत्या. त्यांनी त्यांच्या साहाय्याने विषाणूंविरुद्ध व कर्करोगाच्या गाठींविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आणि १९७९ व १९८० मध्ये अमेरिकेत त्यांवर पेटंटे मिळविली. ब्रिटनमध्ये गहजब उडाला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर स्वतः रसायनशास्त्राच्या पदवीधर. देशाच्या हातची लक्ष्मी गेली याचा त्यांना राग आला. चौकशा झाल्या. अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून १९८० मध्ये सेलटेक नावाची कंपनी सरकारी पुढाकाराने निघाली.

या गदारोळात मिल्स्टाइन यांचे काम शांतपणे चालू होते, आणि ते कोणत्या दिशेने चालले होते हे पाहण्यासारखे आहे. १९७९ मध्ये क्वेयो या मूळच्या अर्जेंटिनाच्याच शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी सबस्टन्स पी या द्रव्यावर प्रतिपिंड तयार केले. मज्जातंतूंतून वेदनेचा निरोप नेणारे हे द्रव्य. आता ते मेंदूच्या पातळ कापावर नेमके कोठे आहे हे दिसू लागले. १९८० मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतील डेव्हिड सेकर यांनी डेरेक बर्क यांच्या साहाय्याने मानवी इंटरफेरॉनला ओळखणारे प्रतिपिंड मिळविले. इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लागला होता, पण पुढची वीस वर्षे ते कोणाला शुद्ध स्वरूपात पुरेसे मिळत नव्हते. हे प्रतिपिंड नळीत बसविले, तिच्यातून गढूळ मिश्रण सोडले, की इंटरफेरॉन तेवढे अडकून राही आणि बाकी सारे वाहून जाई. एका फेरीत हजारो पटींनी शुद्धता. वारीतला तो एक माणूस अखेर सापडला होता. त्याच वर्षी रक्तगटाच्या ए प्रतिजनाला ओळखणारे प्रतिपिंडही तयार झाले. रक्तपेढ्यांत त्यासाठी पूर्वी माणसांच्या रक्तातील द्रव वापरावा लागे आणि तो मिळेल तेवढाच मिळे. आता तो लागेल तेवढा तयार करता येऊ लागला.

आज कोणत्याही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेच चालते. पेशींतील प्रथिने लहानमोठ्या आकारांप्रमाणे वेगळी करतात, कागदासारख्या पातळ पटलावर उतरवून घेतात आणि त्यावर निवडलेले प्रतिपिंड ओततात. ते आपल्या निरोप्याला शोधून चिकटते. मग त्या प्रतिपिंडाला चिकटणारे, प्रकाश देणारे दुसरे प्रतिपिंड घालतात आणि पटलावर एक काळी रेघ उमटते. त्या एका रेघेवरून कर्करोगाच्या पेशीत कोणता निरोप अखंड चालू राहिला आहे, ते कळते. अशी हजारो प्रतिपिंडे आज कंपन्यांच्या सूचिपत्रांतून विकत मिळतात. मात्र नाव छापले म्हणजे माल खरा, असे येथेही नाही. लेबलावर एका प्रथिनाचे नाव आणि नळीतले प्रतिपिंड चिकटते भलत्यालाच, असे प्रकार पुष्कळ आढळले आहेत. म्हणून जाणते संशोधक आधी परीक्षा घेतात : ज्या पेशीतून ते प्रथिन मुद्दाम नाहीसे केले आहे, तिच्यावरही रेघ उमटली, तर प्रतिपिंड खोटे. वजनमापे तपासून घेण्याची आपली जुनी रीत तेथेही लागू आहे.

१९८४ साली मिल्स्टाइन, कोलर आणि बाझलच्या संस्थेचे आद्य संचालक नील्स येर्ने या तिघांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोलर १९९५ मध्ये अवघ्या ४८ व्या वर्षी वारला. मिल्स्टाइन त्याच वर्षी सेवानिवृत्त झाले. परंतु प्रयोगशाळेत जाणे त्यांनी सोडले नाही. प्रतिपिंडे दिवसागणिक अधिकाधिक घट्ट कशी होत जातात, हा त्यांचा जुना प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत धरून ठेवला. जन्माने अर्जेंटिनाचे आणि कर्माने ब्रिटिश, असे दोन्ही नागरिकत्व त्यांनी सांभाळले. एका देशाची भाषा घरात आणि दुसऱ्याची कामात. सीमाभागातल्या आपल्याला यात नवल वाटू नये. २४ मार्च २००२ रोजी केंब्रिज येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेत अडालिमुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते एक मोनोक्लोनल प्रतिपिंड आहे. शरीरात सूज पेटविणाऱ्या एका निरोप्या प्रथिनाला ते धरून ठेवते आणि त्यामुळे संधिवाताच्या रुग्णाची बोटे पुन्हा मिटू-उघडू लागतात. पुढे अनेक वर्षे ते जगातील सर्वाधिक खपाच्या औषधांत गणले गेले. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत त्याची विक्री २० अब्ज डॉलरांहून अधिक झाली. त्यामागे केंब्रिजच्याच ग्रेगरी विंटर यांचे संशोधन होते. उंदराचे प्रतिपिंड माणसाला चालेल असे बनविण्याचे विंटर यांचे काम १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते यापुढच्या कामाबद्दल. या खेपेस संस्थेने पेटंटे वेळेवर घेतली होती. त्यांच्या मानधनाचा मोठा ओघ आला आणि २०१३ मध्ये उघडलेल्या प्रयोगशाळेच्या नव्या इमारतीच्या खर्चाचा वाटा त्यातून उचलला गेला. म्हणजे पेटंट हे काही पाप नव्हे. मिल्स्टाइन यांनीही ते तसे मानले नव्हते. त्यांनी तर वेळेवर कळविले होते.

मग तोटा कोणाचा? पुस्तपालनाच्या पहिल्याच धड्यात आपण शिकतो, की नोंद करण्यापूर्वी पुस्तक कोणाचे आहे ते आधी ठरवावे. ब्रिटिश तिजोरीच्या पुस्तकात १९७६ चे ते उत्तर निश्चितच नावे पडेल. मिल्स्टाइन यांच्या स्वतःच्या पुस्तकात काही फरक पडत नाही. ते पगारी नोकर होते आणि पगारातच समाधानी राहिले. पण रक्तपेढीत गट तपासून घेणाऱ्या माणसाचे, थायरॉईडची गोळी किती घ्यावी हे ज्या बाईला वेळेवर कळले तिचे पुस्तक उघडले, तर त्या मोफत पाठविलेल्या पेशी जमेच्या बाजूला दिसतील. त्या पेशी मागेल त्याला मिळाल्या, म्हणून ही विद्या दहाबारा वर्षांत जगभर पोहोचली. ही जमा कोठेच लिहिली गेली नाही, कारण पैशात मोजता येईल तेवढेच लिहावे, असा आमच्या शास्त्राचा नियम आहे.

आणि सर्वांत मोठा तोटा १९७६ चा नव्हेच, असे मला वाटते. तो १९६२ चा. पेटंट हुकले म्हणून ब्रिटनने चौकशा केल्या, कंपनी काढली, पुढच्या खेपेस शहाणपण दाखविले. अर्जेंटिनाने तर सबंध माणूसच गमावला. मायदेशी परत आलेला, विभाग उभारणारा, ३५ वर्षांचा शास्त्रज्ञ सत्तेच्या उन्मादात हातातून गेला, आणि त्या दिवशी कोणत्याही सरकारी दप्तरात त्याची तोटा म्हणून नोंद झाली नाही. शिकलेली माणसे गाव सोडून का जातात, याच्या चर्चा आपल्याकडेही होतात. त्या चर्चेत जाणाऱ्याला दोष देण्याआधी, त्याला राहू देण्यासाठी आपण काय केले याचाही हिशेब व्हावा. उद्या आपल्यापैकी काही जण बँकांत, कचेऱ्यांत, महामंडळांत बसतील. कोणा संशोधकाचा कागद आपल्याच टेबलावर येईल. तात्काळ उपयोग दिसत नाही, असा शेरा मारण्यापूर्वी मिल्स्टाइन यांचे नाव आठवले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.